डाळजची फ्लॉपी

आमच्या ऑफिसात प्रत्येक गावाची एक फ्लॉपी होती. वडगाव निंबाळकरची, काटेवाडीची, भिगवणची, आणि डब्याच्या अगदी तळाशी आमच्या डाळजची. ऑफिस म्हणजे बारामतीत, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करून देणाऱ्या दुकानाच्या डोक्यावरची एक खोली. खाली तांब्याच्या तारेचा आणि वार्निशचा वास, वर आम्ही. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. मी डाळजहून भिगवणला मिळेल त्या गाडीनं आणि तिथून एसटीनं रोज कामाला जायची. मेंढरं राखणाऱ्याची पोरगी कॉम्प्युटर चालवते, याचं गावाला कोण कौतुक.

आम्ही दूध गोळा करणाऱ्या केंद्रांसाठी प्रोग्राम लिहायचो. बाई किटली घेऊन येते, तिचा सभासद नंबर दाबायचा, दुधाचं वजन आणि फॅट त्यात जातं, पावती बाहेर येते. बस, एवढंच. पण एवढ्याशा कामातही दर गावाची एक खोड असते. वडगावला गर्दी इतकी की नंबर दाबणाऱ्याचं बोट चुकायचंच. डाळजला लोक गाईचं आणि म्हशीचं दूध एकाच नंबरावर, एकामागून एक घालायचे, कारण पहिल्यापासून तसंच चालत आलेलं. या सगळ्या खोडी त्या त्या गावाच्या फ्लॉपीत होत्या. गावातला एक खराखुरा दिवस तिच्यात भरलेला असायचा आणि त्या दिवसाच्या बरोबर पावत्या सोबत फाइलला लावलेल्या असायच्या. प्रोग्राममध्ये काही बदल केला की फ्लॉपी घालायची, तो जुना दिवस पुन्हा चालवायचा, आणि नव्या पावत्या जुन्यांशी ताडून बघायच्या. जुळल्या की ते गाव पास.

सगळी गावं दरवेळी चालवणं काही शक्य नव्हतं. मशीन हळू, प्रिंटर त्याहून हळू, आणि वीज तर पाहुण्यासारखी, आली की जायच्या घाईत. म्हणून बदल झाला की पहिला प्रश्न हाच असायचा: आज कुठली गावं चालवायची? ते आमचे सर ठरवायचे. सर शांत माणूस. त्यांचा एक ठरलेला हिशेब होता. "ज्याला हात लावलाय त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्याला विचारायचं. अख्खी वस्ती उठवायची नाही." आणि दुसरं असं की जे गाव कधीच नापास झालेलं नाही, ते शेवटी. डाळज कधीच नापास झालं नव्हतं. त्यामुळे डाळजची फ्लॉपी तळाशी जाऊन बसली ती बसलीच. मला त्यांचं म्हणणं पटायचं आणि तरी त्या तळाच्या फ्लॉपीकडे बघून डोकं फिरायचं. गाव गरीब गायीसारखं वागतं म्हणून त्याला विचारायचंच नाही, हा कुठला न्याय?

त्याच सुमाराला तात्यांच्या अंगावरून वारं गेलं. तात्या म्हणजे माझे वडील; सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं म्हणून आम्ही बहिणीही तेच म्हणायचो. सकाळी गोठ्यात गेले आणि दावं हातातून सुटलं, तीच सुरुवात. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. बारामतीला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर खाटेशी उभे राहून त्यांना हात वर करायला सांगत होते, बोटं मोजायला लावत होते, आणि आई भिंतीला टेकून उभी होती. डॉक्टर गेल्यावर ती मला म्हणाली, "हात न्हाय आला तरी मी भरवीन. बोलणं न्हाय आलं तरी मला कळतंय त्यांचं. माणसं वळखली म्हंजी लई झालं."

तिनं एवढीच एक गोष्ट मागितली. पुढे जे काही झालं ते आठवताना मला तिचं हे वाक्यच आधी आठवतं.

माणसं ओळखणं ही तात्यांची तशी ख्यातीच होती. माणसं काय, मेंढरंसुद्धा. तरुणपणी ते कळपामागे रानोमाळ फिरलेले. आम्हा पोरींना सगळी मेंढरं सारखी दिसायची, आणि त्यांना एकेक तोंडावरून कळायचं. "तुमी दोघी भनी सारख्या दिसताय का मला?" असं विचारून ते हसायचे. पुढे कळप विकला, थोडी बागायत केली, एक गाय, एक म्हैस घेतली. पण तोंड बघून ओळख पटवायची सवय काही गेली नाही. बाजारात वर्षांपूर्वी भेटलेल्या माणसाला ते लांबून हाक मारायचे.

घरी आणल्यावर मी ऑफिसातली रीत घरात चालवली. वारं हातावरून गेलंय ना, मग हाताला विचारायचं. पेला धरता येतो का, गुंडी लागते का, घास तोंडाशी जातो का. जीभ जड झालीय, मग जिभेला विचारायचं. रोज संध्याकाळी मी त्यांच्याकडून चार शब्द वदवून घ्यायची आणि ते शाळेतल्या पोरासारखे वैतागायचे. हळूहळू बोलणं सुधारलं. थोडं बोबडं, पण समजेल असं.

ओळख आहे की नाही, हे तपासायला मला वेगळं काही करावं लागलं नाही. ते काम आख्ख्या तालुक्यानं अंगावर घेतलं होतं. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला येणारा कधी गप्प बसत नाही. चप्पल काढायच्या आधीच विचारतो, "तात्या, वळखलं का?" आणि उत्तराची वाट बघणं म्हणजे आजारी माणसाची परीक्षा घेतल्यासारखं होतं, ते बरं दिसत नाही, म्हणून लगेच स्वतःच सांगून टाकतो, "आवो मी वडगावचा, तुमच्यासंगं मेंढरं चारायला हुतो न्हाय का!" तात्या मान हलवायचे. "व्हय व्हय. वळखलं की. वळखायला काय झालं." पाहुणा खूश, तात्या खूश, बाहेर जाऊन पाहुणा दहा जणांना सांगणार की तात्यांना समदं कळतंय. माझी काटेवाडीला दिलेली थोरली बहीण त्याहून वस्ताद. ती दारातूनच ओरडायची, "मी कोण सांगा बरं? काटेवाडीची थोरली न्हाय का मी?"

मधल्या काळात घरात एक बदल झाला. तो बदल आहे असं कुणाच्या लक्षातही आलं नाही. आईच्या हातात कायम मनगटभर हिरव्या काचेच्या बांगड्या असायच्या. ती उठली, वळली, भाकरी थापली, गोठ्यात गेली, की घरात ती कुठे आहे ते कळायचं. पण तात्यांना कुशीवर वळवताना त्या बांगड्या त्यांच्या पाठीला ओरखडायच्या, आणि एकदा एक पिचकून त्यांच्या दंडाला लागली. आईनं त्याच दिवशी सगळ्या उतरवल्या. "वाढवल्या" म्हणाली, आमच्याकडे बांगडी फुटली किंवा काढली असं म्हणत नाहीत. हात रिकामा नको म्हणून दोन्ही हातांत एकेक प्लॅस्टिकची घातली. त्या प्लॅस्टिकच्या बांगडीला आवाज नव्हता.

उन्हाळ्यात तात्यांना पुन्हा एक झटका येऊन गेला. अगदी बारीक. सकाळी चहा पिताना कप कलंडला आणि थोडा वेळ ते नुसतेच समोर बघत बसले. परत दवाखाना. डॉक्टरांनी हात बघितला, पाय बघितला, जीभ बघितली. सगळं होतं तसंच होतं. गोळ्या वाढवून त्यांनी घरी पाठवलं. मीही घरी तेच केलं, पेला, गुंडी, घास. सगळं पास. पाहुण्यांचं "वळखलं का" आणि तात्यांचं "वळखलं की" सुरूच होतं.

इकडे ऑफिसात वडगावच्या केंद्रानं एक मागणी केली. गर्दीत एकच नंबर चुकून दोनदा दाबला जातो, तर दुसऱ्यांदा आलेलं खरं धरा आणि आधीचं पुसा. बदल साधा होता, सरांनी तासाभरात केला. मग नेहमीचा प्रश्न, कुठली गावं चालवायची? वडगाव चालवलं, पास. काटेवाडी चालवलं, पास. मी म्हणाले, "सर, डाळजही एकदा चालवू या." सर खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "डाळज कधी बिघडलंय का आजवर? वीज जाईल आता. राहू दे." आणि वीज गेलीच. त्यांना तरी काय म्हणायचं? मीही त्यांच्या जागी बहुतेक तेच केलं असतं.

नवीन प्रोग्राम गावोगाव गेला. डाळजला सकाळी बायकांनी आधी गाईचं दूध घातलं, मागोमाग त्याच नंबरावर म्हशीचं, आणि प्रोग्रामनं गाईचं पुसून टाकलं. केंद्रावर नुसता गिल्ला. आम्ही जुन्या प्रोग्रामची फ्लॉपी घेऊन गेलो, ती घातली, आणि दुपारपर्यंत सगळं आधीसारखं झालं. पुसलेलं दूधही वहीवरून परत चढवलं. मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. आईनंही त्या सकाळी दोन्ही दुधं घातली होती. गाईचं गेलंय हे पावतीवर तिला दिसलं होतं, आणि तिनं मला चकार शब्द सांगितला नाही. शेजारणीनं सांगितलं. "का गं बोलली न्हाईस?" म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तुझ्याच हापिसाचं काम. तुला कशाला घोर?" आई अशीच. आपल्या वाट्याचं गेलेलं ती कधी मोठ्यानं सांगायची नाही.

या प्रकारानंतर सरांनी सगळ्या फ्लॉप्या आणि सगळ्या फायली बाहेर काढायला लावल्या. तेव्हा कळलं की काटेवाडीची मूळ पावती कधीतरी फाटली होती, आणि कुणीतरी तिच्या जागी प्रोग्रामनंच काढलेली पावती ठेवून दिली होती. मग पुढे दर बदलाला जुनी झाली म्हणून ती ताडायच्या आधीच फेकायची आणि नवी ठेवायची. म्हणजे पोरानं सोडवलेला पेपर त्याच्याच वहीवरून तपासायचा. काटेवाडी इतके दिवस पास होत होतं, कारण ते नापास होऊच शकत नव्हतं. सर कपाळाला हात लावून हसले. मला हसू आलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे आमचा ओटा आला, तात्या, आणि दारातून ओरडणारी माझी बहीण: "काटेवाडीची थोरली न्हाय का मी?"

त्या रविवारी मी तात्यांच्या समोर जाऊन नुसती उभी राहिले. काही बोलले नाही. त्यांनी वर बघितलं. मी ज्या डोळ्यांपुढे लहानाची मोठी झाले ते डोळे माझ्या तोंडावरून फिरले आणि कुठेच थांबले नाहीत. मग तात्या थोडे सरकले आणि पाहुण्याला म्हणावं तसं मानानं म्हणाले, "बसा की. उभ्या का?"

मी बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "तात्या, मी तुमची धाकटी."

"व्हय व्हय," ते म्हणाले. "वळखलं की. वळखायला काय झालं."

त्यांची रीतभात जागच्या जागी होती, नुसती ओळख गेली होती, आणि त्या रीतीनं ती झाकली होती. मी गोठ्यात आईकडे गेले. ती म्हशीपुढे वैरण टाकत होती. मला रडू आवरेना. म्हणाले, "आये, तात्यांना माणसं वळखू येत न्हाईत."

आईनं हातातली पेंढी सोडवून नीट पसरली. "मला म्हाईत हाय," ती म्हणाली.

"कवापासनं?"

"कप कलांडला तवापासनं."

ती सांगत गेली, वैरण पसरता पसरता, मान वर न करता. "मला बाई म्हणत्यात. बाई, पाणी द्या. बाई, जरा उशी सरकवा. लई मानानं बोलत्यात, सौंसारात कदी बोललं न्हाईत तेवढं. परवा काय म्हणाले म्हाईत हाय का? बाई, दिस मावळाया आला, तुमच्या घरची वाट बघत असतील, जावा आता."

"मग तू काय म्हणलीस?"

"जाती म्हणलं. आणि चुलीपाशी जाऊन बसले."

तुला तरी वळखत्यात का, असं तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. पाहुणे, बहीण, मी, सगळे आपापली ओळख विचारून आणि स्वतःच सांगून मोकळे झालो होतो. आईला तसं विचारताही येत नव्हतं. ज्या माणसाला ती उभ्या जन्मात "आवो" सोडून दुसऱ्या कशानं हाक मारत नव्हती, त्याच्यापुढे उभी राहून "मी तुमची बायकू" असं ती म्हणणार कशी? आणि आम्हाला वाटायचं, बाकी सगळं जाईल, पण तात्यांना आईची ओळख राहणार नाही असं होईलच कसं. तिथं कधी काही बिघडलं नव्हतं, म्हणून आम्ही कधी बघितलं नाही.

"सांगितलं का न्हाईस?" मी चिडून विचारलं.

"सांगून काय करणार हुतीस?" ती म्हणाली. "जुनी फ्लापी घालणार हुतीस?"

ती टोचून बोलली नव्हती, तिला खरंच विचारायचं होतं.

दिवाळीनंतर भावकीत लग्न निघालं. लग्नघरी चुडा भरायला कासार बसला होता. आई नको नको म्हणत होती, त्यांना लागतंय म्हणत होती, पण बायकांनी तिला धरून बसवलं. लग्नघरात चुडा नको म्हणणारी बाई बघवत नाही आमच्याकडे कुणाला. आई घरी आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत मनगटभर हिरव्या बांगड्या होत्या. दुपार होती. मी रजा घेऊन तात्यांजवळ बसले होते. आईनं पदर खोचला, त्यांच्या अंगावरची वाकळ सारखी केली, आणि बांगड्या वाजल्या.

तात्यांनी मान वर केली. इतके दिवस मी त्यांना असं चटकन मान उचलताना पाहिलं नव्हतं. आई त्यांच्या अगदी पुढ्यात वाकलेली होती, पण ते तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत होते. चेहरा उजळला होता.

"बाई," ते आईला म्हणाले, "जरा दारात बघा. आमची कारभारीण आली वाटतं."

आई तशीच वाकलेली राहिली. मला तिचं तोंड दिसत नव्हतं, पाठ तेवढी दिसत होती.

"आली की," ती हळूच म्हणाली.

"मग बोलवा की तिला आत. भाईर का उभी?"

मला वाटलं, आता ती खाली बसेल आणि रडेल. ती उठली. पदर डोक्यावर सारखा केला, ओट्यावर गेली, आणि दाराच्या बाजूला उभी राहिली, आतून दिसणार नाही अशी. मला तिची सावली दिसत होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तात्या दाराकडे डोळे लावून बसले होते. मग ती आत आली, नेहमीसारखी, हात हलवत, बांगड्या वाजवत.

"आलीस व्हय," तात्या म्हणाले. पहिल्यासारखं, एकेरी. "कुठं गेलतीस एवढे दिस?"

"कुठं न्हाय. हितंच हुते."

"त्या बाईला चा केलास का?" त्यांनी विचारलं. "लई करती गं ती माझं. हागणं-मुतणं समदं काढती. ना नात्याची ना गोताची. कवा च्याचा घोटबी न्हाय घेतला हितं. तिला चा दे आदी."

"देती," आई म्हणाली.

तिनं चूल पेटवली. चहा केला. एक कप तात्यांना पाजला, बशीत ओतून, फुंकून. दुसरा कप त्या बाईसाठी भरला, भिंतीशी जाऊन बसली, आणि सगळा स्वतः प्यायली.